विंचू तो विंचूच?

वर्षावास सुरू झाला की आपल्या विहारांतून ‘भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन सुरू होते. दिवसभर राबून आलेली माणसे, चार घरची धुणीभांडी उरकून आलेल्या बाया, शाळेची पोरे, अशी सारी वस्ती रात्री सतरंजीवर येऊन बसते. अशाच एका विहारात यंदा घडलेला प्रसंग सांगतो.

कोपऱ्यात गुंडाळून ठेवलेली सतरंजी दोघा पोरांनी उलगडली आणि आतून चांगला बोटापेक्षा लांब काळा विंचू बाहेर आला. एकच गलका झाला. कोणी झाडू उचलला, कोणी चप्पल. एका तरुणाने पुढे होऊन तो ठेचला. मग बॅटरीच्या उजेडात पाहतात तर काय, त्याच्या पाठीवर पांढुरकी, इवली इवली पिल्ले! एक आजी म्हणाल्या, “अरे, लेकुरवाळी होती रे ती.”

सारे गप्प झाले. पाचच मिनिटांपूर्वी सगळ्यांनी पंचशील ग्रहण केले होते. तो तरुण कावराबावरा होऊन म्हणाला, “मग काय करायचं होतं आजी? इथं लेकरं बसत्यात. माझ्या चुलतभावाला वीटभट्टीवर विंचू चावला, तर तीन दिवस दवाखान्यात होता.” मी त्याला विचारले, “तो विंचू काळा होता का लाल?” तो म्हणाला, “दादा, विंचू तो विंचूच. त्यात काळा-लाल काय बघायचं?”

वाचकहो, आजचा लेख या एका वाक्यावर आहे. विंचू तो विंचूच, हे खरे नाही. हे न कळल्यामुळे निरुपद्रवी जीव विनाकारण मारले जातात, आणि जो खरोखर घातक आहे त्याच्या दंशाने आपली लेकरे दगावतात.

जगात विंचवाच्या अडीच हजारांहून अधिक जाती आहेत. त्यांतल्या दीडशेहून अधिक आपल्या भारतात आहेत. माणसाचा जीव घेऊ शकतील अशा जाती मात्र फार थोड्या. उष्ण प्रदेशातल्या एकाच जंगलात विंचवाच्या चार-पाच, कधी त्याहून जास्त जाती शेजारी शेजारी नांदतात. सगळ्यांचे खाणे जवळपास तेच: झुरळ, नाकतोडा, कोळी, वाळवी, किडे. सगळे रात्री बाहेर पडणारे. मग ते एकमेकांना संपवत कसे नाहीत?

आपल्या सह्याद्रीचेच उदाहरण घेऊ. जंगल म्हणजे एक मोठी चाळ समजा. तळमजल्यावर, मातीत बीळ खणून राहतो तो धिप्पाड काळा विंचू. त्याला आपल्याकडे इंगळी म्हणतात. त्याचे पुढचे चिमटे खेकड्यासारखे जाडजूड असतात. माती उकरायला आणि भक्ष्य चिरडायला त्यांचाच उपयोग. शेजारी खडकाच्या, जांभ्या दगडाच्या भेगांत राहणारे विंचू वेगळे. त्यांचे अंग चपटे असते. जिथे पोस्टकार्ड सरकेल तिथे ते सरकतील असे वाटते. त्यांतल्या एका जातीच्या शास्त्रीय नावातच आपला सातारा आहे. हे विंचू भेगेच्या तोंडाशी चिमटे उघडून बसून राहतात आणि समोरून जाणारा किडा पकडतात. झाडाच्या सालीखाली आणि पालापाचोळ्यात राहणारे विंचू लहान, सडपातळ आणि चपळ असतात. त्यांचा रंगही सालीसारखा, नाहीतर वाळक्या पानासारखा.

म्हणजे ज्याचे अंग जसे, तशी त्याची खोली. जाड इंगळीला भेगेत शिरता येत नाही. चपट्या विंचवाला खोल बीळ खणणे जमत नाही. झाडावरचा सडपातळ विंचू जमिनीवर उतरला तर इंगळीच्या तोंडी जाईल, म्हणून तो सहसा वरच राहतो.

या चाळीत भांडणेही होतात. विंचवांचे भांडण म्हणजे बाचाबाची नव्हे. जो मोठा तो लहानाला सरळ खातो. परजातीचा असो की स्वजातीचा, त्याला फरक पडत नाही. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. मोठ्या जातीचे पिल्लू आणि लहान जातीचा पुरता वाढलेला विंचू हे आकाराने सारखेच असतात. तेव्हा आज ज्याने इंगळीचे पिल्लू खाल्ले, त्यालाच सहा महिन्यांनी दुसरी इंगळी खाऊ शकते. म्हणून लहान जाती आणि सगळ्याच जातींची पिल्ले मोठ्यांची वाट टाळून वावरतात. मोठे जिथे फिरतात तिथून दूर, मोठे ज्या वेळी बाहेर असतात ती वेळ चुकवून. अन्नावाचून विंचू कित्येक महिने काढू शकतो, त्यामुळे जीव धोक्यात घालून रोज रात्री बाहेर पडण्याची त्याला गरज नसते.

हे सगळे कळले कसे, असे मुले विचारतील. विंचवाच्या कातडीत एक गंमत आहे. अतिनील किरणांच्या दिव्याखाली विंचू हिरवट-निळा चमकतो. नोटा तपासायला असा छोटा दिवा दुकानदाराकडे असतो, तो तुम्ही पाहिला असेल. असा दिवा घेऊन अंधारात फिरले की दिवसा न दिसणारे विंचू दुरूनही दिसतात. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात गॅरी पोलिस नावाच्या शास्त्रज्ञाने असेच दिवे वापरून विंचवांचा अभ्यास केला. दाट जंगलात मोजणी अवघड, पण उघड्या वाळूत ती नीट करता येते. पोलिस आणि त्यांच्या सहकारी मॅककॉर्मिक यांनी ठरावीक जागांतून तिथल्या मोठ्या, वरचढ जातीचे विंचू उचलायला सुरुवात केली. २९ महिन्यांत ६,००० हून अधिक विंचू बाजूला काढले. काय झाले? त्या जागेतल्या लहान जातींची संख्या वाढली. मोठ्याच्या धाकाने लहान जाती दबून होत्या हे १९८७ साली त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

म्हणजे एका ठिकाणी अनेक जाती टिकतात त्या सगळे गुण्यागोविंदाने वागतात म्हणून नव्हे. लपायला आणि राहायला वेगवेगळ्या जागा असतात म्हणून. सपाट वाळूपेक्षा जंगलात अशा जागा कितीतरी जास्त: बीळ, भेग, साल, पाचोळा, पडलेले खोड.

हे मी विहारात सांगत होतो तेव्हा एका काकांनी मध्येच शंका काढली. गिरणीत हयात घालवलेले काका. म्हणाले, “सर, ही गोष्ट जपून सांगा. उद्या कोणी म्हणेल, बघा, निसर्गातही ज्याची त्याची जागा ठरलेली आहे, मग माणसाची का नको?” काकांची शंका अगदी रास्त आहे. असे म्हणणारे आजही भेटतात. त्यांना दोन गोष्टी सांगाव्यात. पहिली, विंचवाची जागा त्याच्या शरीराने ठरते, आणि कात टाकून तो मोठा झाला की ती बदलतेही. माणसामाणसाच्या शरीरात असा भेद नाही. गावकुसाबाहेरची जागा आपल्या पूर्वजांच्या हाडामांसाने ठरवलेली नव्हती, ती दुसऱ्यांनी लादलेली होती. दुसरी, मोठ्याने लहानाला खावे हा विंचवांचा व्यवहार आहे. त्याला विचार करता येत नाही. माणसाला येतो, म्हणून माणसाला धम्म लागतो. निसर्गाकडून माहिती घ्यावी, कायदा घेऊ नये.

आता मुद्द्याची गोष्ट. ही चाळ पाडली तर काय होते?

ब्राझील देशाच्या पूर्व किनाऱ्याला अटलांटिक जंगल नावाचे जंगल आहे. होते म्हणावे लागेल, कारण त्याचा बराच मोठा भाग तुटला आणि आता तुकडे उरले आहेत. त्या तुकड्यांत तिथले अभ्यासक रात्री दिवे घेऊन विंचू मोजतात. जिथे जंगल नीट आहे तिथे आपल्या सह्याद्रीसारखीच वाटणी दिसते. एक लहान जात पाचोळ्यात राहते. दुसरी, अननसाच्या कुळातली जी झुडपे पानांच्या पेल्यात पाणी साठवतात, त्यांच्यात राहते. पण त्याच देशात पिवळा विंचू म्हणून एक घातक जात आहे. तिला जंगलाची गरज नाही. तिला विटांचे ढीग, गटारे, कबरस्ताने आणि झुरळे असली की पुरते. तिच्या मादीला नराचीही गरज नाही, ती एकटीच पिल्ले घालते. म्हणजे एक विंचीण सामानातून दुसऱ्या शहरात पोहोचली तरी तिथे वस्ती उभी राहते. जंगल गेले, शहरे वाढली आणि ही एकच जात फोफावली. ब्राझीलमध्ये अलीकडे वर्षाला एक लाखाहून जास्त माणसांना विंचू चावल्याची नोंद होते.

आपल्याकडचा पिवळ्या विंचवाचा भाऊबंद म्हणजे लाल विंचू. तो इंगळीच्या मानाने फारच लहान, फार तर बोटाएवढा. अंग तांबूस-पिवळसर, पाय फिकट, चिमटे बारीक, शेपटी मात्र चांगली जाड. खूणगाठ बांधून ठेवा: जाड चिमटे आणि बारीक शेपटी असेल तर तो ताकदीवर जगतो, विष बेताचे. बारीक चिमटे आणि जाड शेपटी असेल तर तो विषावर जगतो, त्याच्यापासून सावध. विहारात मारली गेली ती पहिल्या प्रकारची. तिच्या दंशाने ठणका लागतो, सूज येते, पण सहसा जिवाला धोका नसतो.

लाल विंचू दाट जंगलापेक्षा उघड्या, खडकाळ जागेत रमतो. माळरान, बांधाचे दगड, सालीखालची फट, जांभ्या दगडाची भिंत, कौलारू घराचे छप्पर, गवताची गंजी, विटांचा ढीग. जंगल तोडून आपण जे उभे करतो ते नेमके त्याच्या सोयीचे असते. इंगळीचे बीळ नांगराखाली जाते, बुलडोझरखाली जाते. सालीखालच्या विंचवाचे झाड जाते. लाल विंचवाला मात्र नवी भिंत मिळते.

मुंबईतल्या आरे वसाहतीत झिशान मिर्झा आणि राजेश सानप या दोन अभ्यासकांना विंचवाची एक नवी जात सापडली. २०१० साली तिचे वर्णन प्रसिद्ध झाले आणि तिला आरेचेच नाव मिळाले. एवढ्या मोठ्या शहराच्या पोटात, आदिवासी पाड्यांच्या शेजारी, शास्त्राला ठाऊक नसलेला जीव नांदत होता. त्याच आरेत २०१९ साली मेट्रोच्या कारशेडसाठी दोन हजारांहून अधिक झाडे एका झटक्यात कापली गेली. मेट्रो आपल्यालाही हवी आहे, कामावर आपणच जातो. पण झाडाबरोबर त्याच्या सालीखालची आणि मुळाशी असलेली बिऱ्हाडेही जातात, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण कोणासाठी वापरतो? ज्याला आपले घर नाही, जो कामामागे गावोगाव फिरतो त्याच्यासाठी. वीटभट्टीवरचा मजूर, ऊसतोडणीची टोळी, दगडखाणीतली माणसे, नाक्यावरचा बांधकाम कामगार. आणि पाहा, विंचू चावतो तोही त्यालाच. जमिनीवर झोपणारा तोच, अनवाणी तोच, हातमोज्याविना दगड-विटा उचलणारा तोच, पहाटे अंधारात सरपण ओढणारी त्याचीच बाई. पक्क्या घरात पलंगावर झोपणाऱ्याला विंचू क्वचितच भेटतो.

म्हणूनच विंचवाच्या दंशाकडे मोठ्या शहरांतल्या वैद्यकशास्त्राचे लक्ष फार उशिरा गेले. त्याची सुरुवात झाली ती रायगड जिल्ह्यातल्या महाड तालुक्यात. महाड म्हटले की आपल्याला २० मार्च १९२७ आठवतो, चवदार तळे आठवते. त्याच तालुक्यात बिरवाडीच्या सरकारी आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर रुजू झाले. विंचू चावलेली धडधाकट माणसे आणि लहान मुले त्यांच्यासमोर दगावत होती. लाल विंचवाच्या विषाने रक्तदाब भडकतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते आणि माणूस जातो, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी रात्र-रात्र बसून टिपले. पुढे रक्तदाबाची प्राझोसिन नावाची साधी, स्वस्त गोळी त्यांनी वापरून पाहिली. त्यांचे आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांचे निष्कर्ष १९८६ साली ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. गंभीर रुग्णांत पूर्वी शंभरातले पंचवीस-तीस दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. प्राझोसिनबरोबर विंचवाची प्रतिविषलस दिली तर रुग्ण आणखी लवकर सावरतो, हेही २०११ साली त्यांनी दाखवून दिले. डॉ. बावस्करांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

म्हणजे औषध आहे. आता प्रश्न उरतो तो रुग्ण वेळेत पोहोचण्याचा. आजही कित्येक ठिकाणी पहिला तास मांत्रिकाकडे जातो. मंत्राने विंचू उतरला असे सांगणारे भेटतात, कारण त्यांना चावलेला विंचू बहुधा काळा असतो आणि त्याचा ठणका आपोआपच उतरतो. श्रेय मांत्रिकाला मिळते. मग लाल विंचू चावलेल्या लेकराला घेऊनही लोक त्याच्याकडेच धावतात. विंचू तो विंचूच, या समजुतीची किंमत ही अशी मोजावी लागते.

म्हणून आयाबायांनो, एवढे लक्षात ठेवा. विंचू चावल्यावर नुसता ठणका असेल तर घाबरू नका, पण दवाखान्यात दाखवा. दरदरून घाम, उलटी, तोंडाला लाळ, हातपाय गार पडणे, धाप लागणे, यांतले काहीही दिसले तर एक मिनिट दवडू नका. अशा वेळी ठणका कमी असला तरी फसू नका, धोका तिथेच जास्त असतो. लहान मूल असेल तर लक्षणांची वाट पाहायचीच नाही. चावलेली जागा कापू नका, जाळू नका, आवळून बांधू नका. प्राझोसिनची गोळी आपल्या मनाने देऊ नका, ती डॉक्टरनेच द्यायची. सरळ जवळचे सरकारी आरोग्य केंद्र गाठा.

आणि मुळात चावू नये म्हणून? भिंतीच्या भेगा लिंपा. विटा, कौले, सरपण घराला लागून रचू नका. अंथरूण, कपडे, चपला झटकून घ्या. रात्री बाहेर जाताना बॅटरी आणि पायात काहीतरी असू द्या. झुरळे कमी झाली की विंचवाला घरात येण्याचे कारणच उरत नाही.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. शील मोडले का? भगवंतांनी भिक्खूंना साप, विंचू, गोम यांच्याविषयीही मैत्रीभाव ठेवायला शिकवले. खंध परित्तात त्यांचा उल्लेख आहे. पालीतला ‘विच्छिक’ तोच आपला विंचू. पण ते परित्त मनातला द्वेष जावा म्हणून आहे, विष उतरवायचा मंत्र म्हणून नाही. आणि बाबासाहेबांनी आपल्या ग्रंथात मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत फरक केला आहे. लाल विंचू झोपलेल्या लेकराच्या अंथरुणात असेल आणि दुसरा उपाय नसेल, तर ती गरज आहे. इंगळीवर एक डबा पालथा घातला असता, खालून पुठ्ठा सरकवला असता, तर ती पिल्लांसकट मागच्या माळावर गेली असती. तिथे गरज नव्हती, भीती होती. आणि भीती ज्ञानाने जाते. त्या पोराचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

पुढच्या रविवारी विहारात गेलो तेव्हा मागच्या भिंतीला टेकलेला विटांचा ढीग हलवलेला होता. सतरंज्या दोरीवर टांगल्या होत्या. खिडकीत प्लॅस्टिकची एक मोठी बरणी, एक पुठ्ठा आणि लांब चिमटा ठेवला होता. बरणीवर कोणीतरी खडूने लिहिले होते, ‘फक्त विंचवासाठी’. मी त्या तरुणाकडे पाहिले. तो हसून म्हणाला, “आजींनी लावलंय कामाला.”

जय भीम.